मातीची घरे आणि लाकडी बैल

विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्या आठवड्यात आपल्या वसतिगृहाच्या ओसरीवर पत्र्याच्या पेट्यांची रांग लागते. कोणते साहित्य आणावे याची यादी पालकांना आधीच दिलेली असते : दोन गणवेश, ताट-वाटी-पेला, सतरंजी, पांघरूण, कंगवा, साबण. पण पेटी उघडून पाहिली की यादीत नसलेली एखादी वस्तू तळाशी हमखास सापडते. कोणाजवळ गोट्यांची पिशवी असते, कोणाजवळ तुटक्या घड्याळाचा पट्टा, कोणाजवळ आईच्या लुगड्याचा तुकडा. माझ्या पेटीत लाकडी बैल होता.

स्मरणिकेत संस्थेची वाटचाल असावी, गुणवंतांची नावे असावीत, हे योग्यच आहे. परंतु शाळेत आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने येथे काही ना काही गमावले, आणि त्या गमावण्याची नोंद कोठेही होत नाही. बालपणीची जिवापाड जपलेली वस्तू हरवते तेव्हा मुलाच्या मनात नेमके काय घडते, त्याचा मोठे होण्याशी काय संबंध आहे, आणि अशा वेळी पालकांनी व शिक्षकांनी काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम स्वतःची एक हकीकत सांगणे भाग आहे. ती मला भूषणावह नाही.

एका बैलाची हकीकत

आमचे गाव अरुणावतीच्या काठचे. आजोबा सालदार होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याचे बैल चारले, दुसऱ्याचे बैल धुतले. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला हळद-लोणी लावून ज्यांचे खांदे चोळले, तेही बैल दुसऱ्याचेच. पोळ्याच्या दिवशी मालकाकडून नवे धोतर मिळे, जेवण मिळे. तोरणाखाली बैल उभे राहत तेव्हा कासरा आजोबांच्या हाती असे आणि नाव मालकाचे असे. मी पाच-सहा वर्षांचा असताना त्यांनी गावच्या सुताराकडून सागवानाच्या एका उरलेल्या तुकड्याचा बैल करवून घेतला. चार चाके, पांढरा रंग, शिंगांना लाल बेगड. तो घरी आणला तेव्हा माय म्हणाली, "आता आपल्या घरी बी बैल झाला." ते खरेच होते. आमच्या घराच्या मालकीचा तो एकच बैल.

पाचवीत मी वसतिगृहात आलो. पोळा श्रावण अमावास्येला येतो, म्हणजे शाळा सुरू झाल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी. त्या दिवशी आपण घरी नसणार हे ठाऊक असल्यामुळे मी बैल पेटीत घालून आणला होता. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पेटी उघडली तर बैल नव्हता.

मी रडलो, शोधले, आणि मग शेजारच्या पेटीच्या मुलाकडे बोट दाखवले. पुरावा काहीच नव्हता. आदल्या रात्री तो माझ्या पेटीजवळ बसला होता, एवढेच. पण मुले गोळा झाली आणि त्याची पेटी जमिनीवर उपडी करण्यात आली. आत दोन सदरे, वह्या आणि नीट घडी घातलेला जुन्या लुगड्याचा एक तुकडा होता. कोणीतरी तो उचलून हवेत फडकावला. सगळे हसले. मीही हसलो. तो मुलगा काहीच बोलला नाही.

अधीक्षक गुरुजी आले. त्यांनी कोणालाही रागे भरले नाही. खाली वाकून त्यांनी लुगड्याच्या तुकड्याची घडी घातली आणि तो त्याच्या पेटीत ठेवून पेटी बंद केली. नंतर मला बाजूला बसवून त्यांनी विचारले, "बैल कसा होता, सांग." मी सांगत गेलो : रंग, शिंगे, डाव्या मागच्या चाकाचा उडालेला टवका. ते ऐकत राहिले. बैल कधीच सापडला नाही. तो मुलगा दिवाळीच्या सुटीत घरी गेला आणि परत आला नाही. त्याच्या न येण्याला बैलच कारण होता असे मी म्हणू शकत नाही. आपल्या जिल्ह्यात कापूस वेचणीच्या दिवसांत घरी गेलेली कितीतरी मुले शाळेत परतत नसत. पण त्याने शाळेतून शेवटची नेलेली आठवण कोणती असेल, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही.

खेळणे हे खेळणेच का नसते

विदर्भाबाहेरील वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैलांना सजवून, दोरीने ओढत घरोघर नेतात आणि लोक त्यांना बोजारा म्हणून खाऊ किंवा पैसे देतात. नागपूरचे दुसरे रघूजी राजे भोसले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही प्रथा सुरू केली असे सांगतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाल्यानंतर आमच्यासारख्या घरांतून बैलाची पूजा गेली. परंतु बैलाविषयीची माया गेली नाही, आणि मुलाच्या हातातील दोरीही गेली नाही.

शेती करणाऱ्या समाजाची मुले शेतीचीच खेळणी खेळतात, ही गोष्ट फार जुनी आहे. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर भाजलेल्या मातीच्या चिमुकल्या बैलगाड्या मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. पाली वाङ्मयात तर मुलांच्या खेळण्यांची यादीच मिळते. मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात बालक वाढताना कोणकोणत्या वस्तूंशी खेळते ते तथागतांनी सांगितले आहे : छोटा नांगर, विटीदांडू, कोलांट्या, पानांचे भिरभिरे, पानांचे मापटे, छोटी गाडी, छोटे धनुष्य. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी वाचताना आपल्याच गावचे पटांगण डोळ्यांसमोर येते. धम्माचे एवढे गंभीर विवेचन चालू असताना भगवंतांना मुलांची खेळणी नावानिशी सांगावीशी वाटली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मूल एखाद्या विशिष्ट वस्तूलाच का बिलगते, याचा शास्त्रीय विचार विसाव्या शतकात झाला. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक. १९५१ साली वाचलेल्या आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी या वस्तूंकडे जगाचे लक्ष वेधले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : तान्ह्या बालकाला आरंभी आई आणि आपण वेगळे आहोत याची जाणीव नसते. ती जाणीव हळूहळू येते आणि भय घेऊन येते. या संक्रमणाच्या काळात मूल एखादे फडके, गोधडीचे टोक किंवा बाहुली निवडते. ती वस्तू आई नसते, पण आईची ऊब आणि वास तिच्यात असतो. ती मुलाने स्वतः निवडलेली असते आणि ती आपल्या ताब्यात आहे असे त्याला वाटते. म्हणूनच मळलेली गोधडी आईने धुऊन काढली की मूल आकांत करते. आपल्याला ती स्वच्छ झालेली दिसते, मुलाच्या दृष्टीने ती वस्तू नाहीशी झालेली असते.

या वस्तूचा शेवट कसा होतो, याविषयी विनिकॉट यांनी केलेले निरीक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. सर्व काही सुरळीत असेल तर मूल ती वस्तू विसरत नाही आणि तिच्यासाठी शोकही करीत नाही. तिचे महत्त्व आपोआप ओसरते. मुलाचा जीव मित्रांत, खेळांत, गाण्यांत, अभ्यासात पसरत जातो आणि ती वस्तू एके दिवशी कोनाड्यात पडून राहते. ती फेकून देण्याचा ठराव कोणालाच करावा लागत नाही.

पण मूल ऐन गरजेच्या काळात घरापासून दूर गेले तर? दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ साली, बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने इंग्लंडमधील लक्षावधी मुलांना शहरांतून खेड्यांत हलविण्यात आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विनिकॉट, जॉन बोल्बी आणि इमॅन्युएल मिलर या तिघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून इशारा दिला, की अगदी लहान मुलांना आईपासून दीर्घकाळ तोडणे त्यांच्या मनोविकासाला घातक ठरू शकते. पुढे बोल्बी यांनी मायेच्या बंधाविषयीचा आपला सिद्धांत मांडला तो अशाच अनुभवांच्या पायावर. आपल्या वसतिगृहात येणारी मुले त्या मानाने मोठी असतात, आणि त्यांचे येणे शिक्षणासाठी असते. तरीही दहा वर्षांचे मूल पहिल्यांदा चाळीस अनोळखी मुलांत झोपते तेव्हा ते काही रात्रींपुरते पुन्हा लहान होते. पेटीच्या तळाची ती वस्तू त्या रात्रींसाठी असते. तिच्यात घर असते.

तथागतांनी सांगितलेली मातीची घरे

येथे धम्माचा अभ्यासक एक रास्त प्रश्न विचारील. आसक्ती हे दुःखाचे मूळ आहे असे आपण शिकतो. मग मुलाची खेळण्यावरील आसक्ती जपावयाची की तोडावयाची? "रडू नको, सर्व अनित्य आहे," असे सांगून मुलाला लहानपणीच कणखर करणे धम्माला धरून नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर संयुत्त निकायातील राध संयुत्तात मिळते. राध नावाचा भिक्खू तथागतांना विचारतो, की 'सत्त' कशाला म्हणावे. पालीत या शब्दाचे दोन अर्थ होतात : जीव आणि आसक्त, म्हणजे चिकटलेला. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान यांना जो चिकटून आहे, तो सत्त, असे भगवंत सांगतात. मग ते एक दृष्टान्त देतात. मुले-मुली मातीची घरे करून खेळतात. जोवर त्या घरांविषयी त्यांची आवड, ओढ, तहान संपलेली नसते, तोवर ती त्यांत रमतात, ती जपतात, ती आपली मानतात. जेव्हा ती ओढ संपते तेव्हा तीच मुले आपल्याच हातापायांनी ती घरे विखरून टाकतात, मोडतात आणि त्यांचा खेळ संपवितात. त्याप्रमाणे, राध, तूही रूपादिकांना विखरून टाक, असा या उपदेशाचा आशय आहे.

दृष्टान्तात घर मोडतो कोण, हे पाहावे. ज्या मुलांनी ते बांधले तीच मुले ते मोडतात. बाहेरून कोणी येऊन लाथ मारीत नाही. एखाद्या दांडगट मुलाने ते घर तुडविले असते तर मुलांची ओढ संपली असती काय? उलट ती वाढली असती, आणि तिच्या जोडीला क्रोध आला असता. हातातून वस्तू सुटणे आणि हातातून वस्तू हिसकावली जाणे, या दोहोंत वस्तू जातेच, पण पहिल्यात मुठीची पकड सैल होते आणि दुसऱ्यात ती घट्ट होते. मोठे होणे पहिल्या प्रकारात आहे. कोणाच्या तरी पायाखाली आपले घर तुडविले गेल्याने माणूस मोठा होत नाही.

दुसरा प्रकार घडला की पुढे काय होते, तेही धम्मात सांगितलेले आहे. दीघ निकायातील महानिदान सुत्तात तथागत एक साखळी उलगडून दाखवितात. तृष्णेतून शोध, शोधातून लाभ, लाभातून हे माझे-ते तुझे असा निवाडा, त्यातून राग आणि आसक्ती, त्यातून मालकी, मालकीतून कृपणता, कृपणतेतून राखण. आणि राखणीतून काठ्या उचलणे, भांडण, तंटा, चहाडी आणि खोटे बोलणे. हे सुत्त मी मोठेपणी वाचले तेव्हा मला ती तान्ह्या पोळ्याची सकाळ आठवली. सागवानाच्या एका तुकड्यापासून निघून एका निरपराध मुलाची पेटी उपडी होण्यापर्यंतचा प्रवास मी अर्ध्या घटकेत केला होता. साखळीतील शेवटची कडी, म्हणजे खोटे बोलणे, तीही माझ्याकडून झाली होती. कारण "यानेच घेतला" हे मी पाहिले नव्हते, तरी पाहिल्यासारखे सांगितले होते.

बैल हरवल्यामुळे मी मोठा झालो, असे म्हणण्याचा मोह होतो. ते खरे नाही. बैल हरवला त्या दिवशी मी अधिक लहान झालो. मोठे होण्याची सुरुवात झाली ती कितीतरी नंतर, जेव्हा माझ्या लक्षात आले की त्या सकाळी दोन मुलांच्या दोन जिवलग वस्तू होत्या. माझी वस्तू हरवली होती, त्याची वस्तू आम्ही सर्वांनी मिळून हास्यास्पद केली होती. गुरुजींनी जमिनीवर वाकून घातलेली ती घडी त्या दिवशीचा एकमेव पाठ होता आणि तो मला फार उशिरा वाचता आला.

वियोगाचे दुःख धम्माने नाकारलेले नाही

राहुलाची कथा आपल्या मुलांना पाठ असते. तथागत कपिलवस्तूला आले तेव्हा आईच्या सांगण्यावरून बालक राहुल त्यांच्यामागे गेला आणि त्याने आपला वारसा मागितला. भगवंतांनी सारिपुत्तांना सांगून त्याला प्रव्रज्या दिली. कथेचा उत्तरार्ध मात्र आपण कमी सांगतो. शुद्धोदनाला हे कळले तेव्हा तो व्याकूळ झाला. सिद्धार्थ गेला, नंद गेला आणि आता नातूही गेला. अपत्यप्रेम कातडी भेदून हाडांपर्यंत पोहोचते, असे त्याने सांगितले आणि यापुढे आईवडिलांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये अशी विनंती केली. तथागतांनी ती मान्य केली. विनयपिटकाच्या महावग्गात हा नियम आजही आहे.

या प्रसंगी शुद्धोदनाला अनित्यतेचे प्रवचन ऐकवून गप्प करता आले असते. भगवंतांनी तसे केले नाही. त्यांनी वियोगाचे दुःख खरे मानले आणि त्यासाठी संघाचा नियम केला. मुलांना घरापासून दूर ठेवून शिकविणाऱ्या कोणत्याही बौद्ध संस्थेने हा नियम आपल्या दारावर कोरून ठेवावा इतका तो मोलाचा आहे.

बाबासाहेबांचे गमावणे

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात गमावण्याचे प्रसंग पदोपदी आहेत. आई भीमाबाई त्यांच्या बालपणीच गेल्या. मुंबईला शिकत असताना भीमरावांना पुस्तकांचे वेड लागले होते आणि सुभेदार रामजींची मिळकत तुटपुंजी होती. पुस्तकासाठी पैसे कमी पडले की रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात. पैसे नसले तर मुलगी अंगावरचा दागिना काढून देई, तो गहाण पडे आणि पुस्तक घरात येई. निवृत्तिवेतन हाती आले की रामजी तो सोडवून परत करीत. विवाहित स्त्रीला आपला दागिना किती प्रिय असतो हे सांगावयास नको. तो कोणी हिसकावला नव्हता. भावाच्या पुस्तकासाठी तिने तो आपल्या हाताने उतरविला. हातातून वस्तू जाण्याचा हा तिसरा प्रकार, म्हणजे दान. त्यात पकड सैल होतेच, शिवाय दुसऱ्याचा हात भरतो.

पुढे १९१७ साली बाबासाहेब लंडनहून शिक्षण अर्धवट सोडून परतले. त्यांचे सामान वेगळ्या जहाजाने येत होते. पहिले महायुद्ध चालू होते. त्या जहाजाला पाणतीर लागला आणि ते बुडाले. पोट मारून जमविलेली पुस्तके समुद्रात गेली. नुकसानभरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले आणि त्यांतून त्यांना बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यासाठी जावयाचा खर्च भागविता आला. ग्रंथांवर जीव लावणाऱ्या माणसाला हा आघात केवढा असेल! परंतु १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, अपुरे शिक्षण त्यांनी पूर्ण केले, पुन्हा ग्रंथ जमविले आणि दादरला 'राजगृह' बांधले ते त्या ग्रंथांना जागा मिळावी म्हणूनच. वस्तूवरचे प्रेम वस्तूबरोबर बुडत नाही. ते ज्या कार्यासाठी असते ते कार्य शिल्लक असेल, तर प्रेमाला पुन्हा घर मिळते. आपल्या मुलांना हा प्रसंग सांगताना केवळ जिद्द सांगू नये. आधी नुकसान किती मोठे होते ते सांगावे, मग जिद्द सांगावी.

पालकांना आणि शिक्षकांना काही सूचना

या विवेचनातून व्यवहारात काय करावयाचे, ते थोडक्यात नोंदवितो.

पहिली गोष्ट, मुलाला वसतिगृहात पाठविताना यादीबाहेरची एक वस्तू त्याला निवडू द्यावी आणि तीच नेऊ द्यावी. ती आपण निवडू नये. "हे काय घेतलेस?" असे विचारू नये. ज्या घरात खेळणे विकत आणण्याची ऐपत नसते तेथेही मुलाकडे निवडण्याजोगे काही असतेच : नदीतला गोटा, गुंज, बाभळीची शेंग, आईच्या लुगड्याचा तुकडा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर बालशिक्षण उभे केले ते पाने, बिया, खडे यांसारख्या परिसरातल्या साहित्यावर. वस्तूची किंमत मुलाच्या जिव्हाळ्याने ठरते, बाजारात ठरत नाही.

दुसरी गोष्ट, मूल वसतिगृहात असताना घरी राहिलेली त्याची खेळणी त्याला न विचारता कोणाला देऊ नयेत, मोडीत घालू नयेत. "तो आता मोठा झाला" हे आपण ठरवितो आणि मूल सुटीत घरी येऊन रिकामा कोनाडा पाहते. त्याला विचारावे. बहुधा ते स्वतःच ती धाकट्या भावंडाला देईल. त्या देण्यात जे शिक्षण आहे, ते आपण न विचारता दिल्यास हरवते.

तिसरी गोष्ट, वस्तू हरवलीच तर मुलाबरोबर मनापासून शोधावे. ती कशी होती हे त्याला सांगावयास लावावे आणि ऐकावे. वर्णन करता करता मुलाचा आक्रोश दुःखात बदलतो, आणि दुःख सोसता येते. "एवढ्याशा गोष्टीसाठी रडतोस?" हे वाक्य टाळावे. दुःख एवढेसे आहे की मोठे, हे ज्याचे दुःख त्यालाच ठाऊक.

चौथी गोष्ट, लगेच दुसरी महागडी वस्तू आणून देण्याची घाई करू नये. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो, कारण त्याच्या वाट्याला मातीची गाडी आली आहे. त्याचे रडणे पाहून वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरते. तिची माया खरी आहे. तरीही पुढे तेच दागिने चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात आणि तो वधस्तंभापर्यंत पोहोचतो. मुलाचे रडणे सोन्याने थांबविले की त्याचा हिशेब कधीतरी द्यावा लागतो. त्याला मातीच्या गाडीजवळ थोडा वेळ बसू द्यावे, आपणही बसावे.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, वस्तू हरवल्यावर संशयाचा बाजार भरू देऊ नये. सर्वांसमक्ष कोणाचीही पेटी उघडू नये. झडती घेणे अपरिहार्यच असेल तर ती जबाबदार व्यक्तीने, एकांतात आणि मुलाची मान खाली जाणार नाही अशा रीतीने घ्यावी. हरवलेली वस्तू एका मुलाचे दुःख असते. खोटा आळ दुसऱ्या मुलाला आयुष्यभर पुरतो. आपल्या पूर्वजांनी काहीही न करता चोर ठरविले जाण्याचे दुःख पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. निदान आपल्या वसतिगृहात ते कोणा मुलाच्या वाट्याला येऊ नये.

शेवटी

आज जूनमध्ये ओसरीवर पेट्या उघडतात तेव्हा मी तेथे उभा असतो. तळाशी काय आहे ते माझ्या नजरेला पडते. मी ते वर काढीत नाही. वह्या-कपडे मोजून झाले की झाकण लावतो आणि मुलाला त्याची जागा दाखवितो. दिवाळीपर्यंत बहुतेक वस्तू तळाशीच राहतात. पुढच्या वर्षी त्या कमी होतात, आणि आठवी-नववीत पेटीत पुस्तकांवाचून काही उरत नाही. कोणीही सांगितलेले नसते. मुलांनी आपल्याच हातांनी आपली मातीची घरे विखरून टाकलेली असतात.

माझा बैल कोठे गेला याचे कुतूहल आता राहिलेले नाही. आजोबा जाऊन अनेक वर्षे झाली. त्यांनी मला दिलेला बैल मी सांभाळू शकलो नाही, याचेही दुःख आता बोचत नाही. बोचते ती दुसरी गोष्ट. शेजारच्या पेटीचा तो मुलगा आज माझ्याच वयाचा असेल. त्याचे नाव मला आठवते. ते येथे लिहिण्याचा अधिकार मला नाही. ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांच्या घरोघरी जाणार आहे. ती त्याच्या, किंवा त्याच्या मुलाबाळांच्या हाती पडली, तर त्याने एवढे जाणावे की बैल त्याने घेतला नव्हता हे मला ठाऊक आहे. त्या सकाळी मी खोटे बोललो होतो. आणि त्याच्या पेटीतल्या त्या लुगड्याच्या तुकड्याला हसलो, त्याबद्दल मी त्याची क्षमा मागतो. वसतिगृहाचे दार त्याला उघडे आहे. तो आला तर ओसरीवर त्याच्या शेजारी बसावयाची माझी इच्छा आहे.

सर्व माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधवांना सविनय जयभीम.